मागच्या सीटवरचं वजन

‘वाहनावरील नियंत्रण सुटल्याने.’

एवढेच शब्द, पण ते आईची पाठ सोडत नव्हते. विमा कंपनीत तिने बावीस वर्षं अपघातांचे दावे वाचले होते. ‘अपघाताचे कारण’ या रकान्यात हेच शब्द इतक्या वेगवेगळ्या हस्ताक्षरांत नजरेखालून गेले होते, की निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी भांडी विसळताना, कपड्यांच्या घड्या घालताना ते अचानक समोर येऊन उभे राहायचे. पूर्वी त्या अर्जावर कुणा परक्याचं नाव असायचं. फाईल मिटली की संपलं. हल्ली मात्र तिथे लेकीचं नाव दिसायचं, आणि ती फाईल काही केल्या मिटायची नाही.

लेकीला घरात सगळे खुडबुडी म्हणत. हे नाव बाबांनी ठेवलेलं. चार वर्षांची असताना तिने न्हाणीघराच्या दाराची कडी स्क्रूसकट काढून आणली होती, आणि तेव्हा बाबा आत होते. आता ती एकोणतीस वर्षांची होती आणि वजनकाटे दुरुस्त करायची. किराणा दुकानातले लहान काटे, दवाखान्यात तान्ही बाळं मोजायचे काटे, अख्खा ट्रक चढवून मोजायचे जमिनीतले काटे, सगळे. काटा बरोबर आहे असं तिने सही करून सांगितलं की तो बरोबर. ती दारात दिसली की दुकानदार आधी गोड हसायचे आणि मग हळूच काट्याखाली सरकवलेला पुठ्ठा काढून घ्यायचे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, कामाच्या जागेजवळ तिने दोन खोल्या घेतल्या होत्या. त्यातल्या एकीत ती राहायची आणि दुसरीत गाडीचे सुटे भाग राहायचे.

गाडी मूळची बाबांची. चार दारांची, मागच्या चाकांवर चालणारी, वीस वर्षं घरच्यांना इमानेइतबारे वाहून दमलेली. इंजिनाने मान टाकली तेव्हा बाबा ती भंगारात द्यायला निघाले होते. खुडबुडी म्हणाली, “मला द्या.” मग वर्षभर ती त्या गाडीच्या मागे होती, किंवा खरं सांगायचं तर खाली होती. मागून चेपलेल्या एका मोठ्या गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन तिने मिळवलं आणि या गाडीत बसवलं. जिथे ऐंशी घोड्यांची ताकद होती तिथे तीनशेची आली. बाबांनी बॉनेटखाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, “घोडे वाढले गं, पण तबेला तोच दिसतोय.”

ते गमतीत बोलले होते, पण तीन महिन्यांपूर्वी त्यांचं बोलणं खरं झालं.

मावशीकडून सगळे परत येत होते. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, चार दिवस राहायला म्हणून बरोबर निघालेली. पुढच्या सीटवर मावशीची कुंडी होती, कारण ती आडवी ठेवायची नाही असा मावशीचा हुकूम होता. त्यामुळे बाबा, मावशी आणि आई तिघं मागे दाटीवाटीने बसली होती. मोठ्या चौकातला गोल रस्ता टँकरने नुकताच धुतला होता. खुडबुडी काही वेगात नव्हती, आई शपथेवर सांगू शकली असती, कारण तिची नजर वेगाच्या काट्यावरच होती. वळण घेताना गाडीची मागची बाजू एकदम निसटली. कुणीतरी शेपटीला धरून फिरवावं तशी गाडी अर्धी गिरकी घेऊन थांबली. मागचं चाक फुटपाथच्या कडेला टेकलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मग मावशी म्हणाली, “आपण परत माझ्याकडे का चाललोय?”

बाबा हसले, मावशीही हसली. आईला मात्र हसू आलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर तो रकाना होता. घरी पोचल्यावर गाडीचं दार लावताना ती म्हणाली, “या गाडीत मी पुन्हा पाय ठेवणार नाही.” खुडबुडीने वाद घातला असता तर बरं झालं असतं. तिने नुसती मान हलवली आणि निघून गेली.

त्यानंतर फोनवर हवापाण्याच्या गोष्टी व्हायच्या. गाडीचा विषय दोघी टाळायच्या. बाबांकडून तेवढं कळायचं: एकटी चालवते तेव्हा गाडी रुळावरून जावी तशी जाते, मग त्या दिवशीच काय झालं हे पोरीला उमगत नाहीये, रात्रंदिवस तेच चाललंय. आणि मग एके दिवशी त्यांनीच सांगितलं की तिची बदली झाली. वर डोंगरातल्या खाणींवर मोठे काटे बसवायचे होते, एक तारखेपासून रुजू व्हायचं. दर शनिवारी ती घरी येणार होती. चार तासांचा रस्ता, सगळा वळणांचा.

“त्याच गाडीने?” आईने विचारलं.

“मग काय बैलाने येईल?” बाबा म्हणाले. “कमानवाल्यांकडे टाकलीये गाडी. मागचं सगळं बदलतेय म्हणाली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने वाचनालयात जाते म्हणून सांगितलं आणि दोन बस बदलून कमानवाल्यांचा कारखाना गाठला. काय बोलायचं ते तिने वाटेत घोकून ठेवलं होतं.

कारखाना म्हणजे उंच पत्र्याची एक लांबलचक शेड. भिंतीला टेकवून बाकदार पोलादी पट्ट्यांच्या चवडी लावलेल्या, प्रत्येकीवर खडूने लिहिलेलं. एका बाजूला भट्टी, तिच्याशेजारी तेलाची लांब टाकी. लाल झालेली पट्टी त्यात बुडाली की चुर्रर्र आवाज व्हायचा आणि धुराचा भपकारा यायचा. मालक साठीच्या पुढचे, हाताला चामड्याचे मोजे, भुवया अर्ध्या जळालेल्या. जन्मभर ट्रकच्या कमानी, म्हणजे वजन पेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, केलेला माणूस. आईने आपण कोण ते सांगितलं तसे त्यांनी मोजे काढले, एक खुर्ची फडक्याने पुसून पुढे केली आणि चहा सांगितला.

“मी एक विनंती करायला आलेय,” आई म्हणाली. “तुम्ही तिला सांगा की ही गाडी जमणार नाही. तुमचं ऐकेल ती. जमत नाही म्हणा आणि विषय संपवा.”

कमानवाल्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “ताई, ‘जमणार नाही’ असं मी आयुष्यात एकदाच म्हणालो. मेव्हण्याबरोबर धंदा काढायचा होता तेव्हा. दुसरं म्हणजे, तुम्ही आठवडाभर उशिरा आलात. गाडी झालीसुद्धा.”

“झाली?”

“तिकडे बघा.”

शेडच्या टोकाला गाडी उभी होती. चारही चाकांखाली चार चपटे काटे होते, खुडबुडीच्या कामावरचे. आई जवळ गेली आणि काचेतून आत पाहून थबकली. मागच्या सीटवर वाळूची तीन पोती बसली होती. रीतसर, पट्टे लावून. पोत्यांवर जाड पेनाने लिहिलं होतं: बाबा, मावशी, आई.

अक्षर लेकीचं होतं. ‘आई’ लिहिलेलं पोतं उजव्या खिडकीशी होतं, जिथे ती नेहमी बसायची.

“हे काय?” तिने विचारलं.

कमानवाले ‘सांगतो’ म्हणत गाडीमागे उकिडवे बसले आणि तिलाही वाकून बघायला लावलं. शेजारी गाडीच्या जुन्या कमानी काढून ठेवल्या होत्या, आणि जरा पलीकडे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक मोठं धूड, त्यावर ‘परत’ अशी चिठ्ठी.

“ऐका. पोरीपुढे तीन रस्ते होते,” ते म्हणाले. “एक, याच जुन्या कमानी ठेवायच्या आणि त्यांना दांड्याचा आधार द्यायचा. तीनशे घोडे एकदम ओढायला लागले ना, की या पट्ट्या मुरगळतात आणि मागची चाकं उड्या मारतात. दांडा लावला की मुरगळत नाहीत. स्वस्त काम, पण बसणाऱ्याच्या कंबरेचे हाल. दुसरा रस्ता म्हणजे हे धूड. दुसऱ्या एका मोठ्या गाडीचं मागचं अख्खं काम. दोन्ही चाकं आपापली वरखाली होतात, एक खड्ड्यात गेलं तर दुसऱ्याला पत्ता नाही. पोरगी याच्यावर लट्टू होती. घेऊनच आली. म्हणाली, काका, जुन्या कमानींनीच घात केला, हे बसवून टाकू.”

“मग?”

“मी तिला एकच गोष्ट विचारली. ट्रकवाल्यांना विचारतो तीच. म्हटलं, मागे काय भरतेस? किती भरतेस?”

ट्रकवाले याचं उत्तर कधी खरं देत नाहीत, हेही त्यांनी सांगून टाकलं. कुणी दहा टन म्हणाला की कमानवाले मनात तेरा धरतात. पण खुडबुडी म्हणाली, काही नाही, रिकामी. गाडी तिने चार काट्यांवर ठेवून बसवली होती, मागून दोन इंच खाली, चारही चाकांवर हवं तसं वजन वाटून. सगळं ग्रॅमवर. आणि सगळं रिकाम्या गाडीचं.

“माझ्या नाही हो डोक्यात आलं असतं असं करायचं,” कमानवाले हसत म्हणाले. “पण तिचं कामच ते. काटा रिकामा ठेवायचा, शून्यावर आणायचा, मग सही. गाडीचंही तेच केलं तिने. इथे बघा, दोन्ही चाकांना जोडणारा हा ॲक्सल आणि वरचा हा रबरी ठोकळा, यांच्यात दोन बोटांची जागा उरली होती फक्त. एकटी चालवते तोवर झकास. मागे तीन माणसं बसली, दोन बोटं संपली. ॲक्सल ठोकळ्याला जाऊन टेकला. मग कमान असून नसल्यासारखी. ओल्या रस्त्यावर, वळणात, तीनशे घोडे, आणि चाकाला जमीन धरून ठेवणारं काही उरलंच नाही. निसटणार नाही तर काय?”

जिथे ती दोन बोटांची जागा उरली होती, तिकडे आई तशीच वाकून बघत राहिली. बावीस वर्षं तिने तो रकाना वाचला होता. नियंत्रण सुटल्याने. का सुटलं, हे कुणी लिहीत नसे. लिहायला जागाही नसे. इथे मात्र कारण होतं, डोळ्यांना दिसणारं, बोटांनी मोजता येणारं. तिची लेक बेदरकार नव्हती, तिच्यावर कसलं भूत स्वार झालं नव्हतं. तिने एक चूक केली होती, तीही मनापासून नीट काम करताना.

“कळल्यावर काय म्हणाली ती?”

“त्या पिंपावर बसली. डोकं धरून. मी म्हटलं, रडते की काय आता. तर हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. म्हणाली, काका, मी गाडीला काटा समजले.”

आईलाही हसू आलं. तीन महिन्यांपूर्वी त्या चौकात अडकून राहिलेलं हसू आत्ता सुटलं.

“मग हे धूड परत का?”

“वाईट नाही ते. पण चुकीच्या वजनावर बसवलं असतं तर त्यानेही दगाच दिला असता. शिवाय गाडीचा अर्धा पत्रा कापावा लागला असता. म्हणून तिसरा रस्ता. जुना ॲक्सल तोच. त्याला चार दांड्यांनी चारी बाजूंनी धरलाय, म्हणजे मुरगळणं नाही आणि आडवं सरकणंही नाही. वजन पेलायला गुंडाळी स्प्रिंग, लांब आणि जरा मऊ. मी म्हटलं, थोडी कडक घे, सिग्नलला सगळ्यांच्या पुढे सुटशील. तर म्हणते कशी, नको, मागे आई बसणार आहे.”

आईने पदराने चष्मा पुसला, जो मळलेला नव्हता.

“काल हे अंगण पाइपने ओलं केलं,” कमानवाले सांगत होते, “आणि ही तीन पोती घालून दहा चकरा मारल्या. ती चालवत होती, मी पुढे तिच्या शेजारी. मुद्दाम म्हटलं दाब, आणखी दाब. मागचं चाक सुटायला आलं तरी हळूच सांगून येतं, पायाखाली कळतं. दचका नाही. चहाचा कप असता हातात तर सांडला नसता. म्हणजे थोडा सांडला असता, खोटं कशाला बोलू.”

त्या शेवटच्या वाक्याने आईची उरलीसुरली धाकधूक गेली. सगळं छान आहे म्हणणाऱ्यांवर तिचा कधीच विश्वास नव्हता. ती निघायला उठली. जाता जाता तिची नजर भिंतीवरच्या पाटीवर पडली. खडूने लिहिलं होतं: बाबा ७८. मावशी ६६. आई ६२. डिकी ४०. टाकी पूर्ण भरलेली. रविवारी शेवटचं माप.

“एवढ्यावर उंची पक्की करायची,” कमानवाले म्हणाले. “मी तिला म्हटलं, ट्रकवाल्यांसारखं थोडं वाढवून धरू का? तर मलाच दटावलं. म्हणे काका, आमच्या आईचं वजन पंधरा वर्षं बासष्टच आहे, ती उगाच काही सांगत नाही.”

आईचा चेहरा क्षणात बदलला. “समजा,” ती सावकाश म्हणाली, “चारदोन किलो इकडेतिकडे झाले. काय फरक पडतो?”

“ट्रकला काही नाही. या गाडीला नखभर पडेल. पण तुमची लेक नखभरासाठी दोन दिवस गाडीखाली झोपते. का हो?”

“काही नाही. सहज.”

बसमध्ये ती खिडकीशी बसली. उतरायचा थांबा आला तरी तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं नव्हतं आणि ‘बासष्ट’ हा आकडाही डोक्यातून गेला नव्हता. घरी आल्यावर चप्पल काढून ती तडक न्हाणीघरात गेली. कोपऱ्यात वजनाचा काटा होता, पांढरा, गोल तबकडीचा. त्याच्या कडेला एक लहानशी चकती होती. ती फिरवली की सुई मागे सरकायची. पंधरा वर्षांपूर्वी एका सकाळी आईने ती पहिल्यांदा रेघभर फिरवली होती, कारण त्या दिवशी मन खट्टू होतं. मग दर वर्षा-दोन वर्षांनी आणखी एखादी रेघ. साऱ्या शहराचे काटे तपासणाऱ्या लेकीने घरातला हा एक काटा कधी तपासला नव्हता. आईच्या काट्यावर कोण संशय घेणार?

तिने वाकून चकती उलटी फिरवली, सुई शून्यावर आणली. मग वर उभी राहिली आणि एक डोळा मिटून खाली पाहिलं. एकाहत्तर.

“काय चाललंय?” बाबा दारात उभे होते. “वाचनालयात पुस्तकं वजनावर देतात काय?”

“जरा यावर उभे राहा.”

“कशाला? सकाळीच पाहिलंय. अठ्ठ्याहत्तर. या वयात अठ्ठ्याहत्तर म्हणजे…”

“उभे राहा हो.”

बाबा उभे राहिले. त्यांनी खाली पाहिलं, चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं. “हा काटा बिघडलाय.”

“आत्ताच दुरुस्त झालाय,” आई म्हणाली.

“सत्त्याऐंशी? अगं, मी गेली दहा वर्षं रोज चालायला जातोय.”

“म्हणून तर शंभर झाले नाहीत.”

बाबा काट्यावरून उतरले, तिच्याकडे बघितलं, कडेच्या चकतीकडे बघितलं, आणि हळूहळू त्यांच्या डोक्यात उजेड पडला. “दहा वर्षं,” ते म्हणाले. “दहा वर्षं मी लोकांना अठ्ठ्याहत्तर सांगत फिरतोय.”

आईने मनातल्या मनात हिशेब केला. नऊ तिचे, नऊ बाबांचे. अठरा किलो वजन मागच्या सीटवर बसायला निघालं होतं आणि लेकीला त्याचा पत्ता नव्हता. नखभराच्या कितीतरी पट. खरं सांगितलं की पोरगी आधी हसणार, मग वर्षभर चिडवणार, मावशीच्या कानावर घालणार, आणि मावशी ते सगळ्या जगाला सांगणार. सांगू दे. पंधरा वर्षं सांभाळलेली ती नऊ किलोंची मिजास आईला आत्ता एखाद्या जुन्या साडीसारखी वाटली, देऊन टाकावी अशी.

आणि नुसते आकडे सांगूनही भागणार नव्हतं. वाळूचं पोतं पुढे झुकत नाही, वळणावर शेजारच्याचा दंड धरत नाही, ‘सावकाश गं’ म्हणत नाही. रविवारी माप घ्यायचं असेल तर पोत्यांनी खाली उतरावं आणि माणसांनी वर बसावं. उजव्या खिडकीशी, नेहमीच्या जागी.

बैठकीच्या खोलीत घड्याळात एक वाजत होता. लेकीची जेवणाची सुट्टी. आईने फोन उचलला.

“कुणाला लावतेयस?” मागून बाबांनी विचारलं.

“काटेवालीला,” आई म्हणाली. “घरच्या काट्याची तक्रार नोंदवायचीये.”